मागील अभ्यासक्रमांचे वर्गीकरण : एका प्रवेशअर्जाच्या निमित्ताने

यंदाच्या स्मरणिकेसाठी ‘काहीतरी अभ्यासपूर्ण’ लिहून द्यावे, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांवर अधिकारवाणीने लिहिणारी मंडळी आपल्या संघात आहेत. डिचोलीत चार दशके दवाखाना चालवणाऱ्या माझ्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरने त्यांत भर घालण्याचे कारण नाही. म्हणून गेल्या वर्षीच्या चवथीपासून ज्या एका कामाने माझी दुपारची झोप हिरावून घेतली, त्याविषयीच लिहावे असे ठरवले. विषय वैद्यकाच्या काठावरचा आहे. तथापि आपल्यापैकी अनेकांच्या मुली, सुना, भाचरे परदेशी आहेत आणि त्यांतील काहींना मध्यम वयात पुन्हा शिकावयाचे आहे. त्यांच्या घरी हा लेख उपयोगी पडेल, अशी आशा आहे.

माझी भाची मूळची पेडणे तालुक्यातली. तिने गोवा विद्यापीठाची प्राणिशास्त्राची बी.एस्सी. पदवी 2006 साली घेतली, पुढे लग्न होऊन न्यू जर्सीत गेली. तेथे दोन मुले वाढवीत तिने एका दवाखान्यात मेडिकल असिस्टंटचे काम धरले, संध्याकाळच्या वर्गांना जाऊन रसायन, संख्याशास्त्र, मानसशास्त्र असे काही विषय पुरे केले आणि ‘फिजिशियन असिस्टंट’, म्हणजे पीए, होण्याचा निश्चय केला. चवथीच्या दुसऱ्या दिवशी, माटोळीखाली बसलो असता तिचा व्हिडिओ कॉल आला. “मामा, माझ्या बी.एस्सी.चे पेपर कुठल्या रकान्यात घालू?” हा तिचा प्रश्न. मला तो पोरकट वाटला. किती चुकलो, ते पुढे येईलच.

ज्यांना पीए म्हणजे काय याची कल्पना नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात डॉ. यूजीन स्टेड यांनी 1965 साली हा अभ्यासक्रम सुरू केला. नौदलात वैद्यकीय मदतनीस म्हणून काम केलेले चार जण पहिल्या तुकडीत घेतले होते. त्यांतील तिघे 6 ऑक्टोबर 1967 रोजी उत्तीर्ण झाले. पीए रुग्ण तपासतो, निदान करतो, औषधे लिहून देतो, शस्त्रक्रियेत साहाय्य करतो. आपल्याकडील कंपाउंडरची प्रतिमा डोळ्यांसमोर आणू नये. ती तुलना दोघांवरही अन्याय करणारी आहे. भारतात हे शिक्षण 1992 साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाले आणि 2021 च्या सहायक व आरोग्यसेवा व्यवसायांविषयीच्या केंद्रीय कायद्यात या व्यवसायाची नोंद झाली. त्याच वर्षी अमेरिकेतील पीएंच्या संघटनेने ‘असिस्टंट’ऐवजी ‘असोसिएट’ हा शब्द स्वीकारला.

येथे आपल्या डॉक्टर बंधुभगिनींचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. ‘एम.बी.बी.एस. झालेल्याला पीए होणे म्हणजे डाव्या हाताचा मळ’ असे मी स्वतः कित्येकदा ऐकले आहे. वस्तुस्थिती अशी, की पीएची राष्ट्रीय परीक्षा तेथील मान्यताप्राप्त पीए अभ्यासक्रम पुरा केल्यावाचून देताच येत नाही. बांबोळीहून एम.बी.बी.एस. घेऊन गेलेल्यालाही पहिल्या दिवसापासून वर्गात बसावे लागते. साधारण सव्वादोन वर्षांचा हा अभ्यासक्रम. मागच्या शिक्षणाचा उपयोग प्रवेशाच्या दारापर्यंतच, आणि म्हणून त्या दारात ते नीट मांडणे महत्त्वाचे.

हे दार म्हणजे ‘कास्पा’. पीए अभ्यासक्रमांच्या प्रवेशासाठी 2001 पासून चालणारी ही केंद्रीय अर्जसेवा. एकच अर्ज भरून अनेक विद्यापीठांकडे पाठवता येतो. परंतु त्या अर्जात विद्यार्थ्याने आजवर महाविद्यालयात शिकलेला प्रत्येक विषय एकेक करून नोंदवावा लागतो: विषयाचे नाव, क्रमांक, श्रेयांक, श्रेणी, कोणत्या वर्षी आणि पदवीच्या कोणत्या टप्प्यावर घेतला, आणि सर्वांत शेवटी तो कोणत्या शास्त्रात मोडतो. पदवीनंतर सुटे घेतलेले विषय पदवीच्या वर्षांत न मिसळता ‘पदवीनंतरचे’ म्हणून वेगळे दाखवायचे. प्रयोगशाळेला स्वतंत्र श्रेणी असेल तर तिचीही स्वतंत्र ओळ. विषय नापास होऊन किंवा कमी गुण पडून पुन्हा घेतला असेल, तर दोन्ही वेळा नोंदवायचा. तेथील अनेक महाविद्यालये दुसऱ्यांदा चांगले गुण मिळाल्यावर पहिले पुसून टाकतात. कास्पा पुसत नाही. चार श्रेयांकांच्या विषयात आधी ‘सी’ आणि मग ‘ए’ मिळाला, तर सरासरी चारपैकी तीन धरली जाते, चार नव्हे.

या नोंदींवरून सेवा निरनिराळ्या सरासऱ्या काढते. एकूण सरासरी असते, शास्त्र विषयांची वेगळी, शास्त्रेतर विषयांची वेगळी, आणि जीवशास्त्र-रसायन-भौतिकी एवढ्यांचीच आणखी एक. शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, आनुवंशिकी ही जीवशास्त्राच्या कुळात. मानसशास्त्र हे वर्तनशास्त्र म्हणून शास्त्रेतर. गणितही शास्त्रेतर, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला पटत नाही. मलाही पटली नव्हती.

आणि येथेच माझी चूक झाली. भाचीने न्यू जर्सीत ‘बायोस्टॅटिस्टिक्स’ हा तीन श्रेयांकांचा विषय घेऊन त्यात ‘ए’ मिळवला होता. तो कोठे घालू, असे तिने विचारले. मी ऐटीत म्हणालो, “अगं, नावातच ‘बायो’ आहे. जीवशास्त्रात घाल.” तिने घातला. शास्त्र विषयांचे तिचे बाकीचे 37 श्रेयांक होते आणि त्यांची सरासरी 3.20. या एका विषयाने 40 श्रेयांकांची सरासरी 3.26 झाली. एका विद्यापीठाची किमान अट 3.25 होती, ती पार पडते असे पाहून तिने तेथे अर्ज केला, शुल्क भरले. पडताळणी करणाऱ्यांनी तो विषय गणितात हलवला, कारण तो गणितच आहे. शरीरातील मोजमापांवर गणित केले म्हणून ते जीवशास्त्र होत नाही. सरासरी 3.20 वर आली आणि तो अर्ज कोणी उघडूनही न पाहता बाजूला पडला. आधीच कळले असते, तर ते शुल्क तिने दुसरीकडे वापरले असते. मामाच्या पांडित्याची किंमत भाचीने मोजली. ती मला एका शब्दानेही बोलली नाही, आणि त्यामुळेच ते अधिक लागले.

त्या वर्षी तिला कोठेही प्रवेश मिळाला नाही. मग मी आरोग्यखात्याचे परिपत्रक वाचावे तसे कास्पाचे नियम बसून वाचले. एक तत्त्व हाती आले. विषय कोणत्या विभागाने शिकवला, त्याच्या शीर्षकात कोणता शब्द आहे, आपल्याला तो कोठे असलेला सोयीचा आहे, यांपैकी कशावरही वर्गीकरण ठरत नाही. त्या तासांना प्रत्यक्ष काय शिकवले यावर ठरते. वैद्यकाचा इतिहास हा इतिहास असतो. शंका आली तर अभ्यासक्रमपत्रिका उघडावी आणि अर्ध्याहून अधिक तास कशावर खर्च झाले ते पाहावे.

हे अमेरिकन विषयांना लागू करणे सोपे, कारण तेथे प्रत्येक विषयाला नाव असते. आमच्या भाचीच्या गोव्याच्या गुणपत्रिकेवर काय होते? ‘प्राणिशास्त्र पेपर पहिला’, ‘पेपर दुसरा’, ‘पेपर तिसरा’, पुढे गुण. बस्स. परदेशातील पदव्यांची छाननी करणाऱ्या एका संस्थेकडून तिने प्रत्येक विषयाचा स्वतंत्र अहवाल करून घेतला होता. त्यांनीही समोर जे दिसले तेच लिहिले: प्राणिशास्त्र एक, दोन, तीन. त्यांचा दोष म्हणता येत नाही. डॉक्टरने केस पेपरवर ‘औषध दिले’ एवढेच लिहिले, तर दुसऱ्या डॉक्टरने त्यावरून काय समजावे?

शिवाय आपल्या पदवीची तीन वर्षे आणि त्यांच्या पदवीची चार. काही संस्था काही अटींवर तीन वर्षांची पदवी पूर्ण मानतात, काही मानत नाहीत. वर्षाचा पूर्णवेळ अभ्यास तेथे साधारण 30 श्रेयांकांचा धरतात. त्या हिशोबाने आपल्या पेपरांची वाटणी होते.

हे सर्व वाचीत असताना वारंवार मनात येत होते, की आपल्या गोव्याला हा प्रश्न नवा नाही. पणजीची वैद्यकीय शाळा, एस्कोला मेडिको-सिरुर्जिका, 1842 साली स्थापन झाली. वैद्यक आणि औषधनिर्माण दोन्ही तेथे शिकवीत. आशियातील पाश्चात्त्य वैद्यकाच्या जुन्या शाळांपैकी ही एक. येथून बाहेर पडलेले डॉक्टर मोझांबिक, अंगोला, गिनी, तिमोर अशा पोर्तुगीज वसाहतींत गेले. साथी, जखमा, बाळंतपणे यांत त्यांनी आयुष्ये घालवली. पण तोच डॉक्टर लिस्बनला गेला की त्याच्या पणजीच्या अभ्यासाला पूर्ण किंमत नसे. पोर्तुगालमध्ये व्यवसाय करायचा तर तेथील शाळेत पुन्हा शिकून परीक्षा देणे भाग होते. बाणावलीचे नामवंत जंतुशास्त्रज्ञ डॉ. फ्रॉयलानो द मेलो यांनीही पणजीचे शिक्षण पुरे करून पुढे पोर्तोची पदवी घेतली. एकच देह, एकच रोग, एकच भाषा. आफ्रिकेत पुरेसे ठरणारे ज्ञान लिस्बनमध्ये अपुरे. शाळेजवळ शिक्षक व साधने तोकडी होती, हेही खरे. परंतु एखाद्याने काय शिकले याची चौकशी न करता कोठे शिकले एवढ्यावरून त्याचा रकाना ठरवणे, हे तेव्हाही अन्यायाचेच होते. गोवामुक्तीनंतर 1963 साली हीच शाळा मुंबई विद्यापीठाशी संलग्न गोवा मेडिकल कॉलेज झाली, आणि जुन्या पोर्तुगीज अभ्यासाच्या जागी सर्वस्वी निराळा अभ्यासक्रम आला.

पेडण्याचे उदाहरण तर याहून जुने. मांद्रे गावचे रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजे डॉ. भाऊ दाजी, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1851 साली पहिल्या तुकडीत बाहेर पडले. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली. त्यामुळे त्यांच्या नावापुढे विद्यापीठाची पदवी नव्हती. ‘ग्रँट मेडिकल कॉलेजचा पदवीधर’ एवढ्याच अर्थाची जी.जी.एम.सी. ही अक्षरे होती. कुष्ठरोगावरील त्यांच्या उपचारांची कीर्ती आपण जाणतोच. आजच्या एखाद्या संगणकीय अर्जात ती चार अक्षरे कोणत्या रकान्यात बसली असती, असा विचार करून मला हसू येते. एवढे मात्र खरे, की त्यांना न्यू जर्सीला अर्ज करावयाचा नव्हता.

असो. मुद्द्यावर येतो. गुणपत्रिका बोलत नसेल, तर अभ्यासक्रमाला बोलते करावे, या निश्चयाने मी या वर्षी मार्चमध्ये भाचीच्या महाविद्यालयात गेलो. पहिल्या दिवशी ‘एवढे जुने ठेवत नाही’ हे उत्तर मिळाले. दुसऱ्या खेपेस निवृत्तीला आलेले एक लिपिक भेटले. त्यांच्या वडिलांचा रक्तदाब माझ्याकडे असे. त्यांनी भांडारातील लोखंडी कपाट उघडले आणि वाळवीने एक कोपरा खाल्लेले, विद्यापीठाचे छापील अभ्यासक्रमाचे पुस्तक बाहेर काढले. धूळ झटकून आम्ही दोघे तेथेच बाकावर बसलो.

त्या पुस्तकात सारे होते. एका पेपरमध्ये सस्तन प्राण्यांची शरीरक्रिया: पचन, श्वसन, रक्ताभिसरण, मूत्रपिंड, अंतःस्रावी ग्रंथी, तासांच्या संख्येसह. दुसऱ्यात आनुवंशिकी व पेशीशास्त्र. तिसऱ्यात पृष्ठवंशीय प्राण्यांची तुलनात्मक रचना. प्रात्यक्षिकांत मोरीचे विच्छेदन. (घाटावरच्या वाचकांसाठी: मोरी म्हणजे आमच्याकडे बाजारात येणारा लहान शार्क मासा, न्हाणीघराशी त्याचा संबंध नाही.) विद्यापीठ अनुदान आयोगाने 2011 साली प्राण्यांची विच्छेदने बंद करीत नेण्याचे धोरण आणले, भाचीची पिढी मोरी फाडणाऱ्या शेवटच्या काही तुकड्यांतली.

त्या संध्याकाळी मी तिला फोन केला. “शरीरक्रिया सापडली,” मी म्हणालो. ती आनंदली. “आणि शरीररचनाही आहे ना, मामा? मोरीच्या मेंदूच्या नसा मी अख्ख्या वर्गात सर्वांत स्वच्छ काढल्या होत्या. ते शरीररचनेत घालू?”

बहुतेक पीए अभ्यासक्रमांना मानवी शरीररचना प्रयोगशाळेसह लागते. तिला ती पुन्हा घ्यायची म्हणजे आणखी एक सत्र, पंधराशे डॉलरच्या घरात खर्च, आणि रात्री मुलांना झोपवून वर्गाला जाणे. अर्जात ‘अ‍ॅनाटॉमी’ असे लिहून रकाना निवडला, तर कदाचित कोणी हटकलेही नसते. मागच्या वर्षीचा मी असतो, तर कदाचित ‘घाल’ म्हणालोही असतो.

मी तिला विचारले, “मोरीला मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या जोड्या किती?”

“दहा.”

“आणि माणसाला?”

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “बारा. कळलं, मामा.”

शेवटी आम्ही असे केले. तुलनात्मक रचनेचा पेपर तिने प्राणिशास्त्रातच ठेवला. तो शास्त्राच्या कुळातच राहतो, काही बिघडत नाही. मात्र मानवी शरीररचनेची अट त्याने भागली, असा दावा केला नाही. शरीरक्रियेच्या पेपरची ओळ शरीरक्रियेत गेली आणि सोबत महाविद्यालयाच्या शिक्क्यानिशी अभ्यासक्रमाची ती पाने छाननी संस्थेकडे व प्रत्येक विद्यापीठाच्या पीए विभागाकडे पाठवली. छाननी संस्थेने अहवाल सुधारून दिला. त्यात प्रथमच तिच्या पेपरांना नावे मिळाली.

आणखी एक वर्गीकरण मात्र मी तिला न विचारताच दुरुस्त केले. लग्नाआधी दोन उन्हाळे ती माझ्या दवाखान्यात बसे: नोंदवही भरणे, केस पेपर काढणे, कधी ताप मोजणे. ते तास तिने ‘रुग्णसेवेचा अनुभव’ म्हणून धरले होते. रुग्णाच्या उपचाराची थेट जबाबदारी असलेले काम आणि आरोग्यक्षेत्रातील इतर काम, असे दोन रकाने कास्पात वेगळे आहेत. न्यू जर्सीतील तिचे मेडिकल असिस्टंटचे तास पहिल्यात बसतात. डिचोलीची नोंदवही दुसऱ्यात. तिच्या अक्षरातली ती वही अजून माझ्याकडे आहे, ती भाग वेगळा.

अर्ज भरणाऱ्यांनी आणखी एक बाब ध्यानात घ्यावी, कारण तिचा फटका अनेकांना बसतो. कास्पाने विषय एखाद्या शास्त्रात घातला, म्हणजे विद्यापीठाने तो मान्य केला असे नव्हे. ही दोन निराळी दारे आहेत. कित्येक विद्यापीठे आवश्यक विषय अमेरिकेतच घेतलेले असावेत असे म्हणतात. काही ठिकाणी ते पाच वर्षांच्या आतले हवेत, काही ठिकाणी दहा, काही ठिकाणी मुदतच नाही. भाचीचे 2006 चे शरीरक्रियाशास्त्र सर्वत्र चालणार नव्हते, ते अभ्यासक्रम सापडूनही. म्हणून शुल्क भरण्यापूर्वी प्रत्येक विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयास पत्र लिहावे, अभ्यासक्रमाचे पान जोडावे, आणि उत्तर लेखी घ्यावे. अर्जाचे नवे सत्र दरवर्षी एप्रिलअखेरीस उघडते. ही पत्रे त्याआधी जावीत. तिने या वेळी अकरा ठिकाणी पत्रे पाठवली. चार ठिकाणांहून शरीरक्रिया मान्य असल्याचे उत्तर आले, पाच ठिकाणांहून स्वच्छ नकार, दोघांनी उत्तरच दिले नाही. तिने अर्ज चारच केले.

आपल्या घरातील मुलांनी पदवी घेतल्याबरोबर गुणपत्रिकेसोबत त्या वर्षीच्या अभ्यासक्रमाची प्रतही शिक्का मारून घ्यावी, असे मी आता दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक महाविद्यालयीन रुग्णाला सांगतो. खोकल्यासाठी आलेली मुले माझ्याकडे चमत्कारिक नजरेने पाहतात.

हा लेख छापखान्यात जाईपर्यंतची स्थिती अशी आहे: चारपैकी एका विद्यापीठाने मुलाखतीस बोलावले आहे. दुसऱ्याने मानवी शरीररचना प्रयोगशाळेसह पुरी करण्याच्या अटीवर विचार करू असे कळवले, आणि भाची सध्या मंगळवारी व गुरुवारी रात्री त्या वर्गाला जाते. बाकी दोन ठिकाणांची वाट पाहणे चालू आहे. वाळवीने कोपरा खाल्लेल्या त्या पुस्तकाची संपूर्ण छायाप्रत मी करून ठेवली आहे. लिपिक गृहस्थ गेल्या महिन्यात निवृत्त झाले. जाताना त्यांनी पेडण्याच्या आणखी दोन माजी विद्यार्थिनींना माझा पत्ता दिला. त्यांतील एक कॅनडात आहे. तिचे टपाल कालच आले, वाचायचे आहे.